घरांतलें डाखकाम

मोबाइल फोन किंवा रेडिओ कांहीं कारणानें उघडला गेला आणि त्याच्या पोटांतील हिरवी पाटी दृष्टीस पडली, कीं पाहणाराच्या तोंडून बहुधा एकच उद्गार निघतो : "हें कांहीं माणसाच्या हातचें काम नव्हे !" हा उद्गार अर्धा खरा आहे. ती पाटी यंत्रानेंच भरलेली असते. यंत्राची पोकळ चोंच हवेच्या ओढीनें एकेक कण उचलते आणि तासाभरांत सहस्रावधि कण जेथल्या तेथें नेऊन ठेवते. परंतु यंत्र एखादें काम करतें म्हणून माणसास तें करतांच येत नाहीं, हें अनुमान तर्कशास्त्राच्या कोणत्या नियमांत बसतें, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं. शेवया यंत्रावर होऊं लागल्या, तरी पाटावर शेवया वळणारे हात कांहीं नाहींसे झाले नाहींत.

आमचें म्हणणें असें, कीं हें काम घरांत, एका टेबलापुरत्या जागेंत, सामान्य माणसाच्या हातानें उत्तम होतें. इतकेंच नव्हे, तर ज्यांस आपण 'आतां यांच्यानें बारीक काम व्हावयाचें नाहीं' म्हणून बाजूस बसवितों, त्यांच्या हातानेंहि होतें. आम्ही स्वतः साठी उलटल्यावर, इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकणाऱ्या पुतणीच्या हाताखालीं हें शिकलों. गुरु शिष्याहून चाळीस वर्षांनीं लहान असला म्हणजे शिकण्यांत एक निराळीच गोडी असते. थोडी गैरसोयहि असते, कारण गुरूसाठीं चहा शिष्यालाच करावा लागतो.

प्रथम आकाराविषयीं बोलूं. जुन्या रेडिओंतील भागांस तारेचे पाय असत. पाटीस भोंकें पाडून ते पाय पलीकडे काढावयाचे आणि मागच्या अंगास डाख द्यावयाचा, अशी रीत होती. १९८० नंतरच्या दशकांत ही रीत मागें पडली आणि बिनपायांचे भाग सर्वत्र आले. हे भाग पाटीच्या पृष्ठभागावर नुसते बसतात. त्यांच्या दोन टोंकांस धातूच्या टोप्या असतात, आणि पाटीवरील तांब्याच्या दोन टिकल्यांशीं त्या टोप्या डाखानें जोडावयाच्या असतात. त्यांच्या आकारांस चार अंकी नांवें आहेत. तीं इंचाच्या शतांशांवरून पडलीं. १२०६ म्हणजे ३.२ मिलिमीटर लांब व १.६ रुंद, हा तिळाएवढा समजावा. ०८०५ हा दोन मिलिमीटर लांब, म्हणजे मोहरीएवढा. ०४०२ हा एक मिलिमीटर लांब आणि अर्धा रुंद, म्हणजे निव्वळ खसखस. तीळ आणि मोहरी यांच्याशीं ज्या हातांचा जन्मभर संबंध आला, त्यांनीं पहिल्या दोहोंचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. खसखशीच्या वाटेस आम्ही स्वतः जात नाहीं.

आतां डाख म्हणजे काय, तें पाहूं. आमच्या पिढीनें गल्लींत येणारा कल्हईवाला पाहिलेला आहे. जमिनींत खळगा करून तो कोळसे पेटवी, भात्यानें फुलवी आणि पातेलें चांगलें तापलें म्हणजे त्यांत नवसागराची चिमूट टाकी. पांढरा धूर निघाला कीं कथलाची कांडी टेकवी आणि कापसाच्या बोळ्यानें भराभर पुसत नेई. काळवंडलेल्या पितळेवर चांदी पसरावी तसें कथील पसरे. लहानपणीं आम्हांस ती जादू वाटे. ती जादू नवसागराची होती. हवेंत तापलेल्या धातूवर एक सूक्ष्म पापुद्रा चढतो, आणि त्यावर कथील मुळींच टिकत नाहीं; तेलकट ताटावरील पाण्याप्रमाणें थेंब थेंब होऊन पळतें. नवसागर तो पापुद्रा काढतो आणि उघड्या धातूची व वितळलेल्या कथलाची गांठ घालून देतो. पाटीवरील डाखाचें रहस्य नेमकें हेंच. भेद इतकाच, कीं येथें नवसागर चालत नाहीं, कारण त्याचा मागें राहिलेला अंश पुढें कित्येक महिने तांबें खात बसतो. त्याच्या जागीं चिडाच्या झाडाची राळ वापरतात. डाखाच्या तारेच्या पोटांतच ती भरलेली असते, आणि निराळी डबींतूनहि मिळते. तिलाच दुकानांत फ्लक्स म्हणतात. पत्र्याचे डबे जोडणारे कारागीर जें आम्लाचें पाणी लावतात, तें मात्र या कामाच्या आसपासहि आणूं नये.

डाखाची धातु ही कथील आणि शिसें यांचा मिलाफ होय. कथील २३२ अंश सेल्सियसवर वितळतें, शिसें ३२७ वर. पण ६३ भाग कथील व ३७ भाग शिसें एकत्र केलें कीं तो मिलाफ १८३ अंशांवरच वितळतो, म्हणजे दोहोंच्याहि आधीं. शिवाय तो मध्यें लापशीसारखा रेंगाळत नाहीं. एकदम पातळ होतो आणि एकदम थिजतो. दोन कठीण स्वभाव एका ठिकाणीं आले कीं अधिक मऊ होतात, हा अनुभव एकत्र कुटुंबांत विरळा. धातूंत मात्र तो रोज येतो.

आणि आतां मुख्य गोष्ट. वितळलेल्या डाखाचा पृष्ठताण पाण्याच्या कित्येक पट असतो. स्वच्छ तांबें सांपडलें कीं तो त्यावर झडप घालतो, आणि जेथें तांबें नाहीं तेथें थांबत नाहीं. त्यामुळें मोहरीएवढा भाग किंचित् वांकडा ठेवला गेला आणि दोन्ही टोंकांचा डाख एकदम पातळ झाला, तर तो भाग आपण होऊन सरकतो आणि दोन टिकल्यांच्या बरोबर मध्यावर येऊन बसतो. आम्ही प्रथम हें भिंगांतून पाहिलें, तेव्हां कण जिवंत आहे कीं काय असें वाटलें ! जो अचूकपणा आपल्या हातीं नाहीं म्हणून मनुष्य भितो, तो अचूकपणा येथें धातु स्वतः पुरविते. माणसानें पुरवावयाची ती स्वच्छता, माफक उष्णता आणि भरपूर उजेड.

हें सर्व आम्ही निव्वळ कुतूहलानें शिकलों असतों, तर त्याविषयीं इतकें लिहिलें नसतें. प्रसंग असा आला. आमच्या थोरल्या भगिनी, आक्का, वाईस असतात. त्यांचें वय ७६. त्यांच्या यजमानांस, म्हणजे आमच्या भावोजींस, तीन वर्षांपूर्वीं अर्धांगाचा झटका आला. उजवें अंग गेलें आणि आवाज इतका क्षीण झाला, कीं उशाशीं बसल्यावांचून ऐकूं येऊं नये. आक्कांस दिवसा कानांतल्या यंत्रामुळें ऐकूं येतें. रात्रीं तें काढून ठेवावें लागतें, आणि मग ढग गडगडले तरी त्यांस पत्ता लागत नाहीं. एके रात्रीं भावोजींस तहान लागली. ते हांका मारून थकले आणि अखेर स्वतःच उठूं गेले ते खाटेवरून खालीं आले. चार हातांवर आक्का झोपलेल्या, आणि हे पहांटेपर्यंत थंड फरशीवर. सुदैवानें हाड मोडलें नाहीं.

त्या दिवसापासून आक्कांनीं झोपच सोडली. रात्रभर खुर्चींत बसून त्या भावोजींच्या तोंडाकडे पाहत. महिन्याभरांत त्यांचे डोळे खोल गेले, आणि दोहोंपैकीं रुग्ण कोण, असा प्रश्न पडावा अशी अवस्था झाली. रात्रीपुरती बाई ठेवून पाहिली; पण कपडे बदलण्यासारख्या गोष्टींसाठीं परक्या माणसास उठवावयाचें भावोजींच्या जिवावर येई, आणि ते तसेच पडून राहत. मुलगा परदेशीं असतो. त्यानें वृद्धाश्रमाविषयीं सुचविलें. त्याचें चुकलें असें आम्ही म्हणणार नाहीं. इतक्या दुरून त्याला दुसरें काय सुचावें? परंतु पन्नास वर्षें ज्या घरांत काढलीं, तें केवळ रात्रीं हांक ऐकूं येत नाहीं एवढ्यासाठीं सोडावें लागावें, हें आम्हांस पटेना.

घंटा निरुपयोगी. दिवा लावून पाहिला. पण मिटलेल्या डोळ्यांस दिवा उठवीत नाहीं, निदान आक्कांच्या तरी नाहीं. उशीखालीं थरथरणारीं घड्याळें बाजारांत मिळतात. परंतु तीं नेमल्या वेळीं थरथरतात, आणि भावोजींच्या तहानेला कोणती वेळ नेमून द्यावी? तेव्हां पुतणी म्हणाली, "काका, आतोबांच्या डाव्या हाताशीं एक बटण आणि आत्याच्या उशीखालीं हलणारी एक चपटी पिशवी, एवढेंच तर पाहिजे. आपण करूं." चपटी हा शब्द येथें महत्त्वाचा. पायांचे भाग घालून पाटी केली असती, तर वर बोटभर उंची आणि खालीं तारांचीं टोंचणारीं टोंकें; उशीखालीं तो धोंडाच झाला असता. बिनपायांच्या भागांची पाटी सगळी मिळून चार मिलिमीटरांच्या आंत बसते. या कामांत आम्ही शिरलों तें या चार मिलिमीटरांसाठीं.

सर्किट अगदीं साधें. १९७१ सालीं हान्स कामेनझिंड या मूळच्या स्विस अभियंत्यानें ५५५ नांवाची एक चिप आंखली. १९७२ पासून ती विकली जाते आणि आजहि अडलेल्यांच्या कामास येते. दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर जोडले, कीं ती ठराविक वेळानें वीज सोडते व बंद करते. आम्हीं दहा हजार आणि अडुसष्ट हजार ओहमचे रेझिस्टर व दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला. हिशेबानें अर्धा सेकंद थरथर आणि अर्धा सेकंद विश्रांति येते. सतत थरथरणें झोपेंत अंगवळणीं पडतें, थांबून थांबून थरथरणें मात्र झोंपी गेलेल्या मनाला टोंचतें, असें पुतणीचें मत. आक्कांच्या बाबतींत तें खरें ठरलें. चिपच्या इशाऱ्यावर एक कणीएवढा ट्रान्झिस्टर जुन्या मोबाइलांतल्या दोन नाण्यासारख्या चपट्या मोटरी चालवितो. मोटरींची उलट उसळी थोपविण्यास एक डायोड लागतो. वीज तीन पेन्सिल सेलांची, म्हणजे दिवे गेले तरी अडत नाहीं. आणि बटण दाबीपर्यंत वीज खर्चच होत नाहीं. यासाठीं ५५५ ची कमी व्होल्टवर चालणारी सीमॉस जात घ्यावी लागते.

पाटी घरींच केली. काचतंतूच्या पातळ फळीवर ३५ मायक्रॉन जाडीचा तांब्याचा पत्रा डकवलेला असतो. नको तेवढें तांबें काढून टाकावयाचें आणि हव्या तेवढ्या वाटा ठेवावयाच्या, असें हें काम आहे. संगणकावर आकृति काढून ती लेझर छपाईयंत्रानें गुळगुळीत कागदावर, आरशांत दिसावी तशी उलटी छापली. छपाईची काळी पूड ही वस्तुतः एक प्रकारचें प्लास्टिक असतें. तांबें घांसून, साबणानें धुऊन, कोरडें करून त्यावर कागद पालथा ठेवला आणि कपड्यांची इस्तरी चार-पांच मिनिटें दाबून फिरविली, कीं पूड वितळून तांब्यास चिकटते. मग पाण्यांत भिजत घालून कागद बोटानें चोळून काढावयाचा. उरलेलें उघडें तांबें फेरिक क्लोराइडच्या तपकिरी पाण्यांत पंधरा-वीस मिनिटांत विरघळतें. पाणी कोमट असावें आणि भांडें सारखें हालवीत राहावें.

या तपकिरी पाण्यानें आमच्या घरांत जो वाद माजविला, तो सविस्तर सांगण्यांत अर्थ नाहीं. हळदीचा डाग उन्हांत उडतो, याचा उडत नाहीं. तें स्टीलचें भांडें खातें, मोरीची जाळी खातें, फरशी रंगवितें. तेव्हां प्लास्टिकची जुनी घमेली, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि जागा मागच्या अंगणांत, असा आमच्या धाकट्या वहिनींनीं निकाल दिला. तो निकाल आम्हांस शास्त्रीयदृष्ट्याहि योग्य वाटतो. वापरलेलें पाणी गटारांत ओतूं नये. त्यांत तांबें मुरलेलें असतें, आणि तें पाण्यांतील जिवांस विष होय. आम्ही तें चिठ्ठी लावलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांत, मुलांच्या हातीं लागणार नाहीं असें ठेवतों आणि घातक कचरा घेणारांकडे देतों.

घरच्या पाटीची एक खुबी आणि एक खोड आहे. खुबी अशी, कीं बिनपायांच्या भागांस भोंकें लागत नाहींत. पूर्वीं घरीं पाटी करणाराचा निम्मा वेळ एका मिलिमीटराहून बारीक भोंकें पाडण्यांत आणि तितकींच बारीक गिरमिटें मोडण्यांत जाई. म्हणजे जे भाग यंत्रांच्या सोयीसाठीं लहान झाले, तेच घरच्या कारागिराच्या पथ्यावर पडले. खोड अशी, कीं कारखान्यांतल्या पाटीवरचा तो हिरवा लेप आपल्या पाटीवर नसतो. तो लेप शोभेचा नव्हे. टिकलीवरचा डाख वाटेवर वाहत जाऊं नये म्हणून तो बांध असतो. आपल्याकडे बांध नाहीं, तेव्हां पाटाचें पाणी जसें मोकळ्या सरींत धांवतें, तसा डाख टिकलीवरून वाटेनें धांवत सुटतो आणि सांधा कोरडा राहतो. यावर उपाय तीन. टिकलीशीं येणारी वाट अरुंद आंखावी. डाखाची तार अर्ध्या मिलिमीटरची घ्यावी आणि ती कंजुषानें खर्चावी. आणि पाटी तयार झाली, कीं बोटांचे ठसे उमटण्यापूर्वीं तिजवर स्पिरिटांत विरघळलेल्या राळेचा हात फिरवावा. म्हणजे तांबें काळवंडत नाहीं आणि डाखहि सुखानें बसतो.

हत्यारांविषयीं लोक फार बोलतात. आमच्या मतें खर्च करण्यासारखी वस्तु एकच : उष्णता स्थिर राखणारें सोल्डरिंग आयर्न. तें ३२० ते ३५० अंशांवर ठेवावें. नवशिका हटकून सुईसारखें टोंक मागतो. तें घेऊं नये. छिन्नीसारखें बारीक चपटें टोंक अधिक उष्णता पोंचवितें, आणि डाख दोन-तीन सेकंदांत होतो. अधिक वेळ टोंक टेकलें, तर टिकलीच फळीपासून सुटते. बाकी मग घड्याळजींचा चिमटा, डोक्यास बांधावयाचें भिंग, एक चांगला दिवा. आणि एक मोठें पांढरें ताट. या ताटाचें महत्त्व पुस्तकांत सांगत नाहींत. चिमट्याची पकड अंमळ जोरानें पडली, कीं कण टुणकन उडतो; ठिपक्याठिपक्यांच्या फरशीवर पडला तर तो गेला असेंच समजावें. सर्व काम ताटांतच करावें.

कृति अशी. एका टिकलीवर थेंबभर डाख आधीं ठेवावा. उजव्या हातांतल्या टोंकानें तो वितळवीत डाव्या हातांतल्या चिमट्यानें कण बाजूनें सरकवीत आणावा. टोंक उचलावें, चिमटा मात्र मनांत तीन अंक मोजीपर्यंत हालवूं नये. मग दुसऱ्या बाजूस डाख द्यावा, आणि शेवटीं पहिल्या सांध्यास राळ लावून पुन्हां एकदां ऊब द्यावी. चांगला सांधा आंतल्या बाजूस किंचित् खोलगट आणि चकचकीत दिसतो. गोळा दिसला, कीं तो वरवर बसला आहे असें ओळखावें. हात कांपतो ही तक्रार सर्वांचीच असते. मनगट आणि करंगळी दोन्ही टेबलास टेकवावीं, आणि श्वास सोडतांना टोंक लावावें. एवढ्यानें कंप जात नाहीं, पण बोटांपर्यंत पोंचत नाहीं.

आठ पायांच्या चिपची भीति तर अगदींच खोटी. तिच्या दोन पायांतील अंतर १.२७ मिलिमीटर. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पाय आधीं पक्के करावे, मग सर्व पायांवर मुबलक राळ लावून टोंकावर थोडा डाख घेऊन एका टोंकाकडून दुसरीकडे नुसतें ओढीत न्यावें. डाख पायापायांवर आपण होऊन वांटला जातो. दोन पायांमध्यें पूल झालाच, तर तांब्याच्या विणलेल्या फितीनें तो टिपून घ्यावा, शाई टीपकागदानें टिपतात तसा. दिशांकडे मात्र लक्ष हवें. रेझिस्टर कसाहि बसवला तरी चालतो, आणि त्याच्या पाठीवर आंकडा असतो : ६८३ म्हणजे ६८ पुढें तीन शून्यें. बारीक सिरॅमिक कपॅसिटरांच्या पाठीवर कांहींच नसतें, म्हणून त्यांच्या पुड्या एकत्र करूं नयेत. टँटलम जातीच्या कपॅसिटरवर जो पट्टा असतो, तो धन बाजूचा. ॲल्युमिनियमच्या डबीवरचा पट्टा ऋण बाजूचा. हा भेद कोणी केला असेल त्याला आमचा दंडवत. टँटलम उलटा बसवला, तर तो जळतो, कधीं कधीं फुटतोहि.

आतां शिशाविषयीं. ज्या घरांत रांगतें मूल आहे, तेथें हा विषय थट्टेवारी नेऊं नये. शिसें लहान मुलांच्या मेंदूस घातक आहे; युरोपांत २००६ पासून बहुतेक विद्युत् उपकरणांत तें निषिद्धच झालें. बिनशिशाचा डाख मिळतो. त्यास २१७ अंशांवर उष्णता लागते, आणि तो शिकाऊ हातास कमी वळतो. आम्ही शिशाचा वापरतों, पण कडक नियमानें. या कामाच्या उष्णतेला शिसें वाफ होऊन उडत नाहीं. तें पोटांत जातें तें बोटांनीं. म्हणून कामाचे कपडे निराळे, खोली निराळी, तेथें खाणें नाहीं, पिणें नाहीं, आणि साबणानें हात धुतल्यावांचून दाराच्या कडीसहि स्पर्श नाहीं. आमच्या मातुश्रींचें सोवळें आम्हीं तरुणपणीं पुष्कळ थट्टेचा विषय केलें. सोल्डरिंग आयर्नचें सोवळें त्याहून कडक निघालें. जो धूर दिसतो तो राळेचा. तो दम्यास वाईट, म्हणून लहान पंखा लावून तो खिडकीबाहेर घालवावा. तव्यावर पाटी ठेवून सगळे भाग एकदम चिकटविण्याचीहि एक रीत आहे. ज्यास ती करावयाची असेल त्यानें तवा नवा आणावा आणि तो पुन्हां कधींहि स्वयंपाकघरांत जाऊं देऊं नये.

पहिली पाटी घेऊन आम्ही वाईस गेलों. चपट्या कापडी पिशवींत ती घालून आक्कांच्या उशीखालीं ठेवली, आणि भावोजींच्या डाव्या पंजाशीं बटण बांधलें. आक्कांचा विश्वास नव्हता. खुर्चीवरून त्या उठेनात. अखेर पुतणीनें "आत्या, मी जागी राहतें, तूं फक्त पडून पाहा" असें कबूल केल्यावर त्या आडव्या झाल्या आणि पांच मिनिटांत घोरूं लागल्या. रात्रीं सव्वादोनला त्या उठून बसल्या, आणि अंधारांत म्हणाल्या, "काय हवें ?" त्या रात्रीं भावोजींनीं नऊ वेळां बटण दाबलें. त्यांपैकीं दोन वेळां पाणी पाहिजे होतें. उरलेल्या सात वेळां आक्का येते कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें होतें, असें त्यांनीं सकाळीं पाटीवर डाव्या हातानें लिहून दाखविलें. आक्का रागावल्या, आणि मग स्वयंपाकघरांत जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहींत.

वृद्धाश्रमाचा विषय त्यानंतर निघाला नाहीं. पुढें काय होईल तें आम्ही सांगूं शकत नाहीं. भावोजींची प्रकृति दिवसेंदिवस उतरणीला आहे. परंतु एकच पाटी असली आणि ती ऐन वेळीं बिघडली तर काय, ही चिंता होती. म्हणून दुसरी करावयाचें ठरलें, आणि सामान घेऊन पुतणी सुट्टींत वाईसच राहिली. आक्का शेजारीं बसून पाहत होत्या. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, भिंग डोक्यास बांधलेलें. थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, "अगं, चिमटा असा नव्हे. आण इकडे." भाग विकत मिळतात ते कागदी फितींत, फितीच्या प्रत्येक खोबणींत एक कण, वर पारदर्शक पापुद्रा. तो पापुद्रा सोलून आक्कांनीं ०८०५ चा एक रेझिस्टर उचलला, आंकडा वर येईल असा उलटविला, आणि टिकल्यांवर ठेवला. एकहि कण उडाला नाहीं. साठ वर्षें ज्या बोटांनीं तांदुळांतले खडे आणि डाळींतले किडे वेंचले, त्यांस यांत नवें असें कांहींच नव्हतें. डाख पुतणीनें दिला. शेवटचे तीन सांधे आक्कांनीं आपण होऊन दिले. ते आम्हीं भिंगाखालीं तपासले. तिन्ही खोलगट आणि चकचकीत होते.

आतां वाईच्याच एका घरून, जेथें सून ऐकूं न येणारी आणि सासूबाई अंथरुणास खिळलेल्या आहेत, तशाच पिशवीची मागणी आली आहे. तिसरी पाटी कालच तपकिरी पाण्यांतून काढून राळेचा हात फिरवून ठेवली. चिप आहे, मोटरी आहेत. अडुसष्ट हजारांचे रेझिस्टर संपले. ते पुण्यांत बुधवार पेठेंतल्या तपकीर गल्लींत सुटे मिळतात, आणि मंगळवारीं आम्हांस तिकडे जावयाचेंच आहे. आक्कांनीं फोनवरून बजाविलें आहे, कीं फीत लांब आणावी आणि ती आधींच सोलून ठेवूं नये.